जुना संगणक आणि आपली अमानत
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी बोललेल्या मान्यवरांनी उच्च शिक्षण, स्पर्धा परीक्षा, मुलींची गळती अशा मोठ्या प्रश्नांवर आपणास मार्गदर्शन केले. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने घरगुती आहे. घरातल्या जुन्या संगणकात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालावयाची झाल्यास आधी कोणती तयारी करावी, एवढेच मला सांगावयाचे आहे. विषय लहान वाटला तरी त्यात मी एकदा फार मोठी चूक केली आहे, आणि ती आपल्याच संस्थेच्या कामात केली आहे. म्हणूनच चिटणीसांनी विचारले तेव्हा मला नाही म्हणवले नाही.

पालक मला भेटतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात. "सर, दुकानवाला म्हणतो, हा संगणक आता बाद झाला. खरंच नवा घ्यावा लागेल का?" ज्या घरात दोन-तीन मुले शिकत आहेत तेथे नवा संगणक ही काही सहज होणारी गोष्ट नाही. तेव्हा प्रथम वस्तुस्थिती पाहू.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी विंडोज १० आहे. ती २०१५ च्या जुलैत बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नियमित देखभाल थांबविली. याचा अर्थ संगणक बंद पडला असा नव्हे. तो दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखाच सुरू झाला. थांबली ती दुरुस्ती. दाराच्या कुलपात एखादी खोट आढळली की कंपनी घरबसल्या नवा खिळा पाठवीत असे, तो यायचा थांबला. या खिळ्याचे महत्त्व काय, ते २०१७ च्या मे महिन्यात जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने अनेक देशांतील संगणकांमधील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामसुद्धा विस्कळीत झाले. त्या खोटीची दुरुस्ती कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवून घेतली नव्हती ते सापडले.

घरगुती संगणकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली, तीही नोंदणी करणाऱ्यांपुरती. शैक्षणिक संस्थांसाठी मात्र निराळी योजना ठेवली : दर यंत्रामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार. हे मी मुद्दाम सांगतो, कारण शाळांना याची कल्पना नसते आणि प्रयोगशाळेतले सगळे संगणक एकदम भंगारात काढण्याचे ठराव मंजूर होतात.

आता माझ्या चुकीकडे वळतो.

आपली संस्था गरजू विद्यार्थ्यांना कर्ज-ए-हसना देते हे आपण जाणताच. पूर्वी त्याचा हिशेब वहीत असे. २०१३ पासून आम्ही तो कार्यालयातील संगणकावर मराठीत टाइप करू लागलो. दर मार्चअखेर त्याची छापील प्रत काढून फाइलला लावत असू. २०१६ नंतर मीच म्हणालो की कागद कशाला वाया घालवायचा, संगणकात आहेच की सारे. २०१९ च्या डिसेंबरात असाच प्रसंग आला होता. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला थांबणार होती, आणि नवी प्रणाली घालण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. शाळेत गणित शिकवीत असल्यामुळे मला यातले सगळे कळते असा माझा समज होता.

मी प्रत काढली नाही असे नाही. नोंदवहीचे फोल्डर 'सी' ड्राइव्हमधून उचलून 'डी' ड्राइव्हमध्ये ठेवले आणि निश्चिंत झालो. आपल्यापैकी अनेकांचा हाच समज असेल की सी आणि डी या दोन निरनिराळ्या जागा आहेत. बहुतेक संगणकांत तसे नसते. डिस्क एकच असते, तिच्यात मधे भिंत घालून दोन खोल्या केलेल्या असतात. घराला आग लागली तर माजघरातली पेटी स्वयंपाकघरात नेऊन ती वाचत नाही. रात्री नवी प्रणाली घालताना पडद्यावर त्या भागांची यादी आली. जुनी घाण नको, सगळे स्वच्छ करू, म्हणून मी एकेक करून सारे भाग पुसून टाकले. मी नमाजे-ईशानंतर कामाला बसलो होतो. साडेअकरा वाजेतो २०१६ ते २०१९ या काळातील कर्जफेडीच्या साऱ्या नोंदी नाहीशा झाल्या होत्या.

पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून हिशेब पुन्हा जुळवू लागलो. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात अवकाळी पाऊस झाला होता, तेव्हा कार्यालयाचे छप्पर गळून कपाटातील काही पुस्तकांचा लगदा झाला होता. जेवढे जुळले तेवढे जुळवले आणि ज्यांच्या नावावर बाकी दिसत होती त्यांना जानेवारी २०२० मध्ये पत्रे पाठविली.

एक पत्र एका विधवा भगिनीकडे गेले. तिच्या पतीने मुलाच्या पदविका अभ्यासक्रमासाठी कर्ज घेतले होते आणि आमच्या कागदावर सहा हजार रुपये बाकी दिसत होते. ती आठ दिवसांत आली आणि एक शब्दही न विचारता सहा हजार रुपये भरून गेली. मयताच्या डोक्यावर कर्ज राहू नये, ही भावना आपणास समजावून सांगायला नको.

पुढे टाळेबंदी आली. ती उठून कार्यालय उघडले तेव्हा आमचे जुने लेखनिक, ज्यांना आपण सारे चाचा म्हणतो, त्यांच्या खणात एक पेन ड्राइव्ह सापडला. त्यात ऑगस्ट २०१९ पर्यंतची नोंदवही होती. चाचांनी ती घरी काम नेण्यासाठी घेतली होती. मी आनंदाने फाइल उघडली, तर पडद्यावर मराठी नव्हतेच. इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि कंस यांची नुसती खिचडी. नोंदवही ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती तो फॉन्टही मी त्या रात्री पुसून टाकला होता. तालुक्याच्या गावी एका छापखान्यात तो मिळाला. मग कळले की त्या भगिनीच्या पतीचे खाते मार्च २०१८ मध्येच पूर्ण फिटले होते.

मी आणि चाचा पैसे परत द्यायला गेलो. तिने चहा केला. ती एवढेच म्हणाली, "ते जाण्याआधी सांगत होते, संस्थेचं फिटलं म्हणून. पण पावती सापडेना, आणि तुमच्या कागदावर तर लिहिलेलं होतं."

नवऱ्याच्या शब्दापेक्षा तिने आमच्या कागदावर अधिक विश्वास ठेवला होता, आणि तो कागद माझ्या उतावळेपणाने चुकीचा झाला होता.

म्हणून आज तयारीविषयी बोलताना मी यंत्रापासून आरंभ करीत नाही. संगणकात आपले काय आहे, त्यापासून आरंभ करतो. एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून कागदावर यादी करावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या पावत्या, जमिनीचे सातबारे, अब्बांचे पेन्शनचे कागद, निकाहाचे फोटो. कोणती वस्तू कोणत्या फोल्डरात आहे हे त्याच्यापुढे लिहावे. डेस्कटॉप आणि डाउनलोड हे दोन फोल्डर विसरू नयेत. घराच्या उंबऱ्यावर चपला साठाव्यात तशी महत्त्वाची कागदपत्रे तेथे साठलेली असतात. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्डही लिहून घ्यावेत.

मग या सर्वांची प्रत संगणकाच्या बाहेर काढावी. बाहेर म्हणजे बाहेर : निराळी हार्ड डिस्क किंवा चांगला पेन ड्राइव्ह. एक प्रत पुरेशी नाही, दोन असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी. भावाकडे, मामूकडे, कोठेही. प्रत काढली एवढ्यावर थांबू नये. ती डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावून चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. मी तेवढे केले असते तर त्या रात्रीच फॉन्टची गोष्ट ध्यानात आली असती.

फॉन्टविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या घरांत हा प्रश्न इतरांपेक्षा दुप्पट आहे. आपण मराठीही टाइप करतो आणि उर्दूही. जुन्या मराठी फॉन्टांत 'क' हे अक्षर 'क' म्हणून साठवलेले नसते. एखाद्या इंग्रजी चिन्हाच्या क्रमांकाला 'क'चा आकार चढवलेला असतो. वरचा अंगरखा काढला की आत इंग्रजी चिन्हच उरते. युनिकोड पद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि ही सोय विंडोज २००० पासून मिळू लागली. जे जुन्या फॉन्टमध्ये आहे ते परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येते; पण मग रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीच लागतात. उर्दूची गोष्ट त्याहून अवघड. आपली उर्दू पुस्तके, दावतपत्रे आणि या स्मरणिकेची उर्दू पाने वर्षानुवर्षे इनपेजमध्ये तयार झाली. इनपेजची जुनी फाइल दुसऱ्या प्रोग्रामात सरळ उघडत नाही. यावर सोपा उपाय असा की जुनी प्रणाली चालू आहे तोवरच अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, म्हणून पान जसेच्या तसे राहते. दुरुस्ती करता येत नाही, परंतु वाचता येते, आणि वाचता येणे ही पहिली गोष्ट आहे. मूळ फाइल, पीडीएफ, फॉन्टची फाइल आणि प्रोग्रामची सीडी ही चारही एकाच पाकिटात ठेवावी.

ज्यांच्या डीटीपी प्रोग्रामला संगणकाच्या मागे डोंगल लावावा लागतो त्यांनी विशेष सावध राहावे. विंडोज ११ फक्त ६४ बिटांची आहे. ३२ बिटांसाठी लिहिलेले ड्रायव्हर तिच्यात चालत नाहीत, मग तो डोंगलचा असो की जुन्या प्रिंटरचा. प्रोग्राम विकणाऱ्याला आधी विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या कामापुरता जुना संगणक इंटरनेटपासून तोडून तसाच ठेवावा. मला यात कमीपणा वाटत नाही. आपल्या घरातले जुने शिलाई मशीन अजून चालतेच आहे.

आता यंत्राकडे येऊ. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी डिस्क लागते, ही अट जुने संगणकही पुरी करतात. अडते ते दुसरीकडे. एक, प्रोसेसर : ढोबळ मानाने इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा लागतो, ही पिढी २०१७ पासून आली. दोन, टीपीएम २.० नावाची सुरक्षिततेची सोय आणि सिक्युअर बूट. येथे दुकानदाराचे बोलणे पारखून घ्यावे. पुष्कळ संगणकांत टीपीएम असतो, पण तो बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या यंत्रांत तो पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रांत एफटीपीएम या नावाने सापडतो. तो चालू केला की 'बाद' ठरलेला संगणक पात्र ठरू शकतो. कंपनीचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा मोफत प्रोग्राम पात्र-अपात्र सांगतो आणि कारणही सांगतो. आधी तो चालवावा, मग दुकानात जावे.

परंतु बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट. काही संगणकांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. टीपीएमची मांडणी बदलली की संगणक ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली बहुधा ज्याने प्रथम संगणक सुरू केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आपल्या भागात अनेक लॅपटॉप आखातातून येतात. मोठ्या भावाने कुवेतच्या कंपनीत वापरलेला, मग धाकट्याकडे आलेला. त्याची किल्ली कोणाच्या खात्यात आहे? भाऊ त्या नोकरीत आहे का? हे आधी फोन करून विचारावे. किल्ली नसेल तर आतल्या फाइली कोणीही, कितीही पैसे घेऊन, परत काढून देऊ शकत नाही. तसेच जुन्या 'लेगसी' पद्धतीने मांडलेली डिस्क असेल आणि कोणी घाईने नुसती यूईएफआय पद्धत निवडली, तर संगणक सुरूच होत नाही. डिस्कची मांडणी आधी बदलावी लागते, आणि ते काम प्रत काढल्याशिवाय कोणाला करू देऊ नये.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर तो कोठे करावा? यंत्र पात्र असेल आणि फिरत्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घालावी. याइतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. शिवाय जुनी डिस्क काढून कपाटात ठेवता येते, तीच तिसरी प्रत होते. रॅम ४ असेल तर ८ करावी. संगणक सुरू करताना तारीख चुकत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल बदलावा. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, अपडेट अडतात, आणि माणूस उगाच विषाणू शोधत बसतो.

प्रत्यक्ष प्रणाली बदलताना फाइली आणि प्रोग्राम राखून ठेवण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. डिस्कवर सुमारे ३० जीबी जागा मोकळी असावी. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसशिवाय काम सुरू करू नये. परीक्षेच्या किंवा प्रवेश अर्जाच्या आठवड्यात तर मुळीच नाही. बदल पसंत पडला नाही तर साधारण दहा दिवसांच्या आत जुन्या प्रणालीकडे परतता येते. म्हणून त्या दहा दिवसांत प्रिंटर, स्कॅनर, उर्दू-मराठी टायपिंग सारे वापरून पाहावे.

ज्यांचे यंत्र पात्रच नाही त्यांना आडवाटेने विंडोज ११ घालून देणारे लोक भेटतील. तशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, आणि २०२४ च्या आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरवर ती सुरूही होत नाही. त्यापेक्षा लिनक्सचा विचार करावा. ती मोफत आहे. केरळमधील सरकारी शाळांतून मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकत आली आहेत. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, डिस्कला न लावता, आधी चालवून पाहता येते. ब्राउझर, मराठी, उर्दू, शाळेचे प्रकल्प हे सारे तिच्यात होते. इनपेज आणि काही सरकारी प्रोग्राम मात्र अडतात, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

विद्यार्थी मित्रांनो, यातले बरेचसे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमेल. शेजारच्या घरचा संगणक दुरुस्त करायला तुम्हीच जाता. तेथे गेल्यावर पहिला प्रश्न "पासवर्ड काय?" हा विचारू नका. "यात तुमचे काय काय आहे?" हे विचारा. आजींना सांगता येणार नाही. मग त्यांच्यासमोर बसून एकेक फोल्डर उघडून दाखवा.

शाळेची संगणक-खोली दर शनिवारी जोहरच्या नमाजीनंतर उघडी असते. येताना संगणकाबरोबर एक रिकामी डिस्क आणावी. ती नसेल तर मी यंत्राला हात लावणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि एक विनंती. पावसात भिजलेल्या पुस्तकांपैकी एक पुस्तक सप्टेंबर-ऑक्टोबर २०१९ मधले होते. त्यातल्या अकरा पावत्यांचा अजून मेळ लागलेला नाही. बँकेतला भरणा दिसतो, नावे दिसत नाहीत. त्या दोन महिन्यांत आपण किंवा आपल्या घरातील कोणी कर्जाची रक्कम भरली असेल, तर पावती, नाहीतर पावतीचा मोबाइलमधला फोटो, चाचांकडे आणून दाखवावा. पावती नसेल तरी यावे. तारीख आणि रक्कम आठवत असेल तेवढी सांगावी.